घाण कुठे जाते, हे आधी विचारा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



माझं माहेर इथलंच, सातारा जिल्ह्यातलं. लग्न होऊन १९८२ मध्ये इंग्लंडला गेले, लेस्टर शहरात. आमचे हे आधी होजिअरीच्या कारखान्यात होते, नंतर बस चालवायचे. मी २८ वर्षं हॉस्पिटलात वॉर्डमधली मदतनीस होते. दर दोन वर्षांनी माहेरी येते. या वेळी रेडिओवरच्या ताई भेटल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही बोटीत राहता म्हणे. त्याबद्दल बोला ना आमच्या बायकांशी.” मी म्हटलं, बोलते, पण मग संडासाबद्दल बोलावं लागेल. त्या हसायला लागल्या. पण खरं सांगते, बोटीतल्या संसाराचं अर्धं शहाणपण त्या एका गोष्टीत आहे. तेव्हा जेवत असाल तर आधी जेवून घ्या आणि मग ऐका.

आधी ही बोट कसली ते सांगते. काश्मीरची हाउसबोट डोळ्यांपुढे आणू नका. इंग्लंडमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी रेल्वे नव्हती, तेव्हा कोळसा आणि माल वाहून न्यायला कालवे खणले. १७६१ मध्ये जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने मँचेस्टरजवळ एका सरदारासाठी कोळशाचा कालवा बांधला आणि मग देशभर कालव्यांचं जाळं झालं. वाटेत चढ-उतार आला की तिथे लॉक. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं की बोट वर चढते. पाणी सोडलं की खाली उतरते. पुष्कळ कालव्यांवरची ही लॉक्स फक्त ७ फूट रुंद आहेत. म्हणून त्यांतून जाणारी बोट ६ फूट १० इंच रुंद आणि लांबीला वाटलं तर ७० फूट. म्हणजे एस.टी.च्या बसपेक्षा अरुंद आणि बसच्या दुप्पट लांब असं घर समजा. हिला नॅरोबोट म्हणतात.

पूर्वी या बोटी घोडा ओढायचा. कालव्याच्या काठाने अजून ती घोड्याची पायवाट आहे. नावाड्याचं अख्खं कुटुंब, नवरा-बायको आणि पाच-सहा पोरं, मागच्या दहा फुटांच्या खोलीत राहायचं. बाकी सगळी जागा मालाला. त्या हालअपेष्टांवर बोभाटा झाला, तेव्हा १८७७ मध्ये अशा बोटींची घर म्हणून नोंद करण्याचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा शहरातल्या तरुण बायकांनी शिकून मालाच्या बोटी चालवल्या, लंडनहून माल न्यायचा आणि येताना कोळसा भरून आणायचा. त्यांच्या बिल्ल्यावर इंग्रजी ‘आय डब्ल्यू’ अशी अक्षरं असायची. त्यांचा अर्थ देशांतर्गत जलमार्ग, पण लोक चेष्टेने ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बाया, असा लावायचे. पंचवीस-पंचवीस टन कोळसा वाहणाऱ्या या रिकामटेकड्या! आणि त्यांच्या बोटीवर संडास म्हणजे एक बादली. बस्स.

पुढे रेल्वे आणि ट्रकपुढे मालाच्या बोटी संपल्या. आता त्याच आकाराच्या बोटी लोक सहलीला किंवा राहायला घेतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, कोळशाची शेगडी, सगळं आत. ताशी चार मैलांहून जास्त वेगाने चालवायची नाही, म्हणजे चालत्या माणसाएवढीच. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैल जलमार्गांची देखभाल २०१२ पासून एक ट्रस्ट करतो. त्यांचं लायसन भरायचं. कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी साधारण १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही, पुढे सरकायचं.

आम्ही बोट का घेतली? हौस होतीच, पण हिशेबही होता. मुलीला घर घ्यायचं होतं, तिला पैसे कमी पडत होते. आमचं घर दोघांना मोठं झालं होतं. घर विकलं, निम्मे पैसे तिला दिले, काही म्हातारपणासाठी ठेवले, आणि ४२ हजार पौंडांना ही बोट घेतली. २०१७ सालची गोष्ट. म्हणजे आयुष्यभराची शिल्लक एका लोखंडी पेटीत घातली आणि ती पेटी पाण्यावर सोडली. हसू नका, त्या वेळी रात्र-रात्र झोप लागली नव्हती मला.

आता खरेदीबद्दल. बोटीला सातबारा नसतो. घरासारखं सरकारी नोंदीचं कार्यालय नसतं. विक्रीचा एक साधा कागद, आधीच्या मालकांच्या पावत्या, एवढाच पुरावा. बोटीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का, हे आपणच विचारून लेखी घ्यायचं. दर चार वर्षांनी सुरक्षेचा दाखला लागतो, त्यात गॅस, वीज, आग यांची तपासणी होते. पण लक्षात ठेवा, त्या दाखल्यात बोटीचं पोलाद किती झिजलंय हे कुणी बघत नाही. ते बघायला वेगळा सर्व्हेअर लावायचा, स्वतःच्या पैशाने. बोट पाण्याबाहेर काढायची, मग तो हातोडीने ठोकून आणि यंत्र लावून पत्र्याची जाडी मोजतो. नव्या बोटीचा तळ साधारण १० मिलीमीटर, बाजू ६, वरची खोली ४. पाण्याखालचा पत्रा झिजून ४ मिलीमीटरच्या खाली गेला की बऱ्याच विमा कंपन्या नाक मुरडतात.

पहिली जी बोट आम्हांला आवडली ती काय सुंदर होती! लाल-हिरवा रंग, पितळी कड्या, पडदे. दलाल म्हणाला, “सर्व्हे कशाला? मागच्या मालकाने केलेला आहे. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.” आमचे हे सही करायला निघाले होते. मी म्हटलं, “अहो, माहेरी गाय घेताना माझे वडील तिचे दात बघायचे, शेपटी उचलून बघायचे. आपण नुसते पडदे बघून पैसे देणार?” सर्व्हे केला. मागच्या बाजूला पत्रा साडेतीन मिलीमीटर निघाला. सर्व्हेचे पैसे गेले, पण बाकीचे वाचले. मैत्रिणींनो, “उद्या दुसरं गिऱ्हाईक आहे” हे वाक्य बोटीलाच नाही, प्लॉटला, फ्लॅटला, गायीला, सगळीकडे सारखंच असतं. ते ऐकलं की एक दिवस जास्त थांबायचं.

दुसरी बोट ५७ फुटी. ही लांबी सोयीची, कारण बहुतेक सगळ्या लॉक्समध्ये मावते. सर्व्हे चांगला निघाला. आणि इथे माझी चूक झाली. मी पत्रा बघितला, शेगडी बघितली, ओट्याची उंची बघितली, कपाटं उघडून बघितली. संडासाचं भांडं पांढरंशुभ्र होतं, घरच्यासारखं. पायाने खटका दाबला की सगळं खाली जायचं. मी विचारलंच नाही, की खाली म्हणजे कुठे?

ते आता सांगते. बोटीचं भांडी घासलेलं आणि अंघोळीचं पाणी तिथे कालव्यात जातं. पण संडास कालव्यात सोडायला बंदी. मग तो साठवायचा आणि योग्य जागी नेऊन रिकामा करायचा. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला पंप-आउट. बोटीच्या पोटात मोठी टाकी असते. आमची २५० लिटरची होती. ती भरली की बोट धक्क्यावर न्यायची, तिथे जाड नळी लावून पंपाने उपसून घेतात. आम्हांला एका वेळेला अठरा-वीस पौंड पडायचे. दोन माणसांना महिनाभर चालते. कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही.

दुसरा कॅसेटचा. भांड्याच्या खाली सुमारे वीस लिटरचा डबा असतो, सुटकेससारखा. त्यालाच कॅसेट म्हणतात. त्यात वास मारणारं निळं औषध घालतात. दोन माणसांना तीन दिवस पुरतो. भरला की बाहेर ओढायचा, झाकण असतं, सांडत नाही. कालव्याच्या काठी ठिकठिकाणी तो ओतायची जागा असते, तिला एल्सन पॉइंट म्हणतात. तिथे ओतायचा, विसळायचा, परत आणायचा. लायसन भरलेल्याला त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण उचलायचा आपण. भरलेला डबा वीस किलो, म्हणजे पाण्याने भरलेला मोठा हंडाच.

तिसरा कोरडा संडास. लघवी पुढच्या बाजूने बाटलीत आणि घट्ट मळ मागे बादलीत, अशी वेगवेगळी सोय. बादलीत नारळाचा भुसा किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. दोन्ही वेगळं राहिलं की वास फार कमी येतो, पाणी लागत नाही, औषध लागत नाही. लोक त्याला खताचा संडास म्हणतात, पण बोटीत खत होत नाही. खत व्हायला महिनोन्‌महिने लागतात आणि जागा लागते. बागेवाले, शेतवाले ओळखीचे असतील तर ठीक. पूर्वी लोक पिशवीत बांधून कालव्याच्या कचराकुंडीत टाकायचे. २०२१ मध्ये ट्रस्टने त्याला मनाई केली. तेव्हा नुसतं “पर्यावरणाला चांगला” ऐकून घेऊ नका, बादली रिकामी कुठे करणार ते आधी ठरवा.

आणखी एक गोष्ट, जी तिथल्या पुस्तकात लिहिलेली नसते. आपण पाणी वापरणारी माणसं. तिथले लोक कागद वापरतात. कोरड्या संडासात पाणी पडलं की त्याचं सगळं गणित बिघडतं, चिखल होतो आणि वास सुटतो. पंप-आउटची आणि कॅसेटची मापंही कागदवाल्यांची. आपण दर वेळी अर्धा लिटर पाणी ओतलं की तीन दिवसांची कॅसेट दोन दिवसांत भरते. आम्ही तांब्या सोडला आणि तोटीची छोटी बाटली आणली, जेमतेम एका पेल्याएवढी. तेवढ्यात नीट स्वच्छ होता येतं. लाजायचं कशाला? हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या महिन्यात आमची टाकी पंधरा दिवसांत भरली नसती.

तर आमची बोट पंप-आउटची. ह्यांना ते फार पसंत होतं. “घरच्यासारखं आहे, कुणी हात लावायचा नाही,” म्हणायचे. पण सहा महिन्यांत एकेक गोष्ट कळायला लागली. टाकी आमच्या पलंगाखाली, डाव्या कुशीला. ती भरत आली की अडीचशे किलो वजन एका बाजूला, बोट डावीकडे कलायची. ताटातली आमटी कडेला यायची. मी आमटीवरून ओळखायचे, टाकी किती भरली ते! टाकीला हवा जायला नळी असते, ती बारीक होती, म्हणून उकाड्यात वास यायचा. शिवाय टाकी साध्या पोलादाची. लघवीने ती आतून गंजते. सर्व्हेअरने बाहेरचा पत्रा मोजला होता, टाकी आतून कोण बघणार?

तेही चाललं असतं. पण फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये कडाक्याची थंडी आली. सायबेरियाकडून वारा आला, रस्ते बंद झाले. आम्ही मार्केट हार्बरोच्या फाट्यावर बोट बांधली होती. फॉक्स्टनच्या दहा लॉक्सच्या खालचा तो फाटा. कालवा गोठला. तशा बर्फातून बोट न्यायची नसते. बोटीच्या बुडाला डांबरासारखा काळा रंग असतो, तो खरवडतो, आणि फुटलेले बर्फाचे तुकडे दुसऱ्याच्या बोटीवर आदळतात. आम्ही हललो नाही. पंपवाली बोट आमच्यापर्यंत येऊ शकत नव्हती. आणि आमच्या टाकीचा लाल दिवा लागला.

मग मी मोटारने जाऊन कॅम्पिंगच्या दुकानातून एक सुटा संडास आणला, सहलीला नेतात तसा. वर भांडं, खाली वीस लिटरचा डबा. एल्सन पॉइंट पाऊण मैलावर. तिसऱ्या दिवशी डबा भरला. मी ह्यांना म्हटलं, “अहो, चला, दोघं मिळून नेऊ.”

हे म्हणाले, “मी नाही हात लावणार.”

मला वाटलं थंडीमुळे म्हणतात. मी म्हटलं, बरं, बर्फ थांबल्यावर जाऊ. तर म्हणाले, “बर्फाचं नाही. ते काम आपलं नाही.”

मैत्रिणींनो, त्यांना मी दोष देत नाही. मी हॉस्पिटलात २८ वर्षं बेडपॅन उचलले होते, माझा हात बसलेला होता. पण ‘आपलं नाही’ हे शब्द ऐकले आणि मला एकदम माझं लहानपण आठवलं.

आमच्या घरामागे एक बोळ होता. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या बायकांना आठवत असेल. घराला टोपलीचा संडास असायचा. वर फळी, खाली टोपली, आणि मागे बोळाकडे पत्र्याचं छोटं दार. रोज सकाळी एक बाई त्या बोळातून यायची, दार उघडून टोपली ओढायची, आणि ते सगळं डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात ते तिच्या अंगावर गळायचं. आम्हां पोरांना सांगितलेलं होतं, ती आली की तिकडे बघायचं नाही. सणाला माझी आई तिला वरून पोळी टाकायची, वरून. तिचं नाव मला आजही माहीत नाही. सगळे तिला तिच्या कामाच्या नावानेच हाक मारायचे. ते काम माणसाकडून करून घ्यायला १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरी अजून गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी भांडले नाही. ट्रॉलीला डबा बांधला आणि एकटी निघाले. येताना बर्फावर पाय घसरला. डबा रिकामा होता, पण मनगट मुरगळलं. चांगलं सुजलं. आठवडाभर उजव्या हाताने कपसुद्धा उचलता येईना. आणि बर्फ काही वितळेना.

तीन दिवसांनी पुन्हा डबा भरला. मी काही बोलले नाही. सकाळी उठले तर हे बूट घालत होते. हातमोजे चढवले, डबा ट्रॉलीवर ठेवला, आणि गेले. परत यायला त्यांना तास लागला. मी चहा केला. हे शेगडीपाशी बसले, बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “जड असतं गं.”

मी म्हटलं, “हो.”

म्हणाले, “पुलाच्या चढावर ट्रॉली चालेना. उचलूनच न्यावा लागला. आमच्याकडे जी बाई यायची ती तर डोक्यावर न्यायची. दहा-दहा घरांचं. एवढं जड असतं हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.”

एवढंच बोलले. त्यानंतर मी त्यांना कधी आठवण केली नाही आणि त्यांनीही कधी टाळलं नाही.

मला तेव्हा आप्पासाहेब पटवर्धनांची आठवण झाली. कोकणातले. तुम्ही नाव ऐकलं असेल. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास-सफाईचं काम मागितलं. तुरुंगाच्या नियमात ते काम त्यांच्या जातीला देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी उपास धरला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याहून गांधीजींनीही. काम मिळावं म्हणून उपास! शाळेत हे ऐकलं तेव्हा मला वाटायचं, मोठी माणसं, त्यांचं काहीतरी वेगळंच. बोटीवर आल्यावर त्याचा अर्थ कळला. आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर आहे तोवर आपल्याला तिचं वजन कळत नाही.

उन्हाळ्यात आम्ही पंप-आउटची टाकी उपसली, धुतली आणि कापून काढली. आतून दोन ठिकाणी पापुद्रे निघत होते, आणखी दोन वर्षांत पलंगाखाली फुटली असती. तिच्या जागी कॅसेटचा संडास बसवला. सगळं मिळून हजार पौंडांच्या आसपास खर्च आला. कॅसेट तीन घेतल्या, एक वापरात, दोन रिकाम्या. म्हणजे थंडीत, आजारपणात आठवडाभर निभतं. चाकाची ट्रॉली चांगली दणकट घेतली. आणि नियम केला, कॅसेट पूर्ण भरू द्यायची नाही. पाऊण भरली की न्यायची, म्हणजे पंधरा किलोच उचलायचे. एक खेप त्यांची, एक माझी. आता ह्यांचे गुडघे दुखतात, तर पुलापर्यंत ते नेतात, पुढे मी.

तुम्ही म्हणाल, मग पंप-आउट वाईट का? तसं नाही. ज्याची बोट कायम एकाच धक्क्याला असते, जिथे पंप शेजारीच आहे, आणि ज्याला पाठीचा त्रास आहे, त्याला तोच बरा. आमच्यासारखं फिरत राहणाऱ्यांना कॅसेट बरी, कारण बोट अडकली तरी डबा चालत नेता येतो. ओळखीच्या एका बाईंनी कोरडा संडास घेतला आहे. त्यांच्या भावाची बाग आहे, तिथे त्या मोठ्या पिंपात वर्षभर ठेवून खत करतात. त्यांना तो झकास चालतो. संडास चांगला की वाईट ते भांड्यावर ठरत नाही. तुम्ही कुठे राहता, किती उचलू शकता, आणि ते शेवटी नेऊन कुठे टाकणार, यावर ठरतं.

तर बोट घ्यायला गेलात तर माझे प्रश्न लिहून घ्या. टाकी कशाची आहे, किती लिटरची, कुठे बसवली आहे? किती वर्षांपूर्वीची? हवेची नळी केवढी आहे? रिकामी करायची जागा किती लांब, आणि थंडीत तिथवर जाता येतं का? घरात सगळ्यांत अशक्त माणूस कोण, आणि त्याला हे एकट्याने जमेल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कारण दोघांपैकी एक कधीतरी आजारी पडणार, आणि कधीतरी एकटं उरणार.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बोट घ्यायला निघालोय? खरं आहे. पण तुम्ही घर बांधता, फ्लॅट घेता, अंगणात संडास बांधता. तेव्हा नवरा, दीर, कंत्राटदार बोलत असतात आणि आपण ओटा कुठे हवा एवढंच सांगतो. तिथे हे प्रश्न विचारा. सेप्टिक टँक केवढा? तो भरल्यावर उपसायला कोण येणार, यंत्र की माणूस? उपसलेलं नेऊन कुठे ओतणार, कुणाच्या ओढ्यात? गावात जागा असेल तर दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा. वर्षभराहून जास्त बंद ठेवला की पहिल्यातलं कोरडं खत होतं, कुणाला घाणीत हात घालावा लागत नाही. मात्र खड्डा विहिरीपासून, बोअरपासून लांब हवा.

मी पांढरंशुभ्र भांडं बघून फसले. तुम्ही फसू नका. भांडं कुणीही दाखवतो. खाली काय आहे आणि ते कोण उचलणार, हे आपण विचारायचं असतं. लाज वाटली तरी विचारायचं.

सध्या आमची बोट फॉक्स्टनजवळ बांधलेली आहे. मुलगी अधूनमधून जाऊन बघून येते. पुढच्या महिन्यात आम्ही परत जाऊ. पहिली खेप कुणाची, यावर ह्यांचं आणि माझं आत्तापासून चाललंय. ते म्हणतात माझी, मी म्हणते त्यांची.